गोळ्या चालू आहेत, पुढे काय?

मागच्या आठवड्यातील 'भाजल्यावर प्रथमोपचार' या लेखावर बरीच पत्रे आली. त्यांतले एक पत्र मात्र वेगळ्याच विषयावरचे होते. एका वाचक भगिनीने लिहिले होते, "माझ्या धाकट्या दिराला भास होतात. जिल्ह्याच्या ठिकाणच्या मानसरोगतज्ज्ञांच्या गोळ्या दीड वर्षापासून चालू आहेत. एकट्याने बडबडणे थांबले, पण तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. अंघोळ कर म्हटले की चिडतो. सासरे त्याला आळशी म्हणतात. सासूबाई म्हणतात, दुसरा मोठा डॉक्टर बघा. डॉक्टर बदलावा का?"

या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत देता आले असते. पण असेच पडून राहणारे तरुण माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत आहेत, आणि त्यांच्या घरच्यांना हाच प्रश्न पडलेला आहे. म्हणून आजचा लेख या विषयावर. एक गोष्ट आधीच सांगतो. मी मानसरोगतज्ज्ञ नाही. तालुक्याच्या गावी सत्तावीस वर्षे सर्दी-ताप, साखर आणि रक्तदाब पाहणारा साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर आहे. या विषयात मी जे शिकलो, त्यातले बरेचसे चुकून शिकलो. ती चूकही पुढे सांगणार आहे.

हा आजार कोणता?

सायकोसिस म्हणजे मनाचा तीव्र आजार. यात माणसाचे वास्तवाशी असलेले नाते काही काळ सुटते. आसपास कोणी नसताना आवाज ऐकू येतात, याला भास म्हणतात. शेजारी पाळत ठेवतात, जेवणात कोणी विष घालते, टीव्हीवरचा माणूस आपल्याबद्दलच बोलतो, अशी काही केल्या न हलणारी समजूत होते, याला भ्रम म्हणतात. स्किझोफ्रेनिया, म्हणजेच छिन्नमनस्कता, हा यातला नेहमी आढळणारा आणि लांबणारा प्रकार. २००४ साली आलेला 'देवराई' हा मराठी चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना या आजाराची कल्पना असेल.

आजार बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. त्यात आनुवंशिकतेचा भाग असतो, मेंदूतील रासायनिक बदलांचा असतो, गांजासारख्या व्यसनाचा आणि ताणाचाही असतो. तो करणीने होत नाही. आईने लाडावल्याने होत नाही. आणि लग्न लावून दिल्याने तो बरा तर मुळीच होत नाही. उलट एकाऐवजी दोन आयुष्ये अडचणीत येतात.

आता पत्रातल्या प्रश्नाच्या मुळाशी येऊ. या आजाराची लक्षणे दोन जातींची असतात. एक, नसलेले काहीतरी येऊन चिकटणे : आवाज, भ्रम, असंबद्ध बोलणे. दुसरी, असलेले काहीतरी निघून जाणे : उत्साह, बोलण्याची इच्छा, अंघोळ-दाढीची जाण, मित्रमंडळींची ओढ. १९५२ साली क्लोरप्रोमाझिन हे औषध वापरात आले आणि या आजाराचे चित्र पालटले. तेव्हापासून आजपर्यंतची बहुतेक औषधे पहिल्या जातीच्या लक्षणांवर चांगली लागू पडतात. दुसऱ्या जातीवर त्यांचा इलाज तोकडा पडतो. म्हणजे गोळीने आवाज शांत होतो, पण शांत झालेल्या त्या घरात माणूस पुन्हा राहायला यावा, यासाठी आणखी काहीतरी करावे लागते.

त्या 'आणखी काहीतरी'ला मानसशास्त्रीय उपचार म्हणतात. ते बोलण्यातून, समजावण्यातून आणि सरावातून होतात. ते श्रीमंत देशांतच परवडतात, आपल्याकडे गोळी मिळाली तरी पुष्कळ, असा माझाही समज होता. तो कसा मोडला ते सांगतो.

माझी चूक

सुमारे बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आयटीआय झालेला तेवीस वर्षांचा एक मुलगा. त्याची आई त्याला घेऊन दवाखान्यात आली आणि हळूच म्हणाली, "डॉक्टर, पोरगं चार दिवस जेवलं नाही. म्हणतंय, तुम्ही भाकरीत काहीतरी घालताय."

मी त्याला जिल्ह्याच्या मानसरोगतज्ज्ञांकडे पाठवले. निदान झाले, गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत तो जेवू लागला, झोपू लागला. माझ्या मनाने हा रोगी 'निकालात' निघाला होता. पुढे आई पुन्हा आली. "गोळी बघितली की हात झटकतोय. काय करू?"

दवाखान्यात गर्दी होती. माझा एक हात दुसऱ्या रोग्याच्या दंडावरच्या रक्तदाबाच्या पट्ट्यावर होता. मी मान वळवून म्हटले, "मावशी, चहात विरघळवून द्या. कळणारही नाही त्याला."

महिनाभर ते चालले. मग एका सकाळी त्याला कपाच्या तळाशी पांढरा गाळ दिसला. घरचे आपल्याला विष घालतात असे ज्याला वाटत होते, त्याच्या हातात त्याचा पुरावाच आला. आणि तो पुरावा पुरवणारा मी होतो. त्याच दिवशी तो घर सोडून गेला. अकरा दिवसांनी, कार्तिकीला गेलेल्या एका शेजाऱ्याला तो पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात सापडला. दोन्ही पायांना जखमा झाल्या होत्या. मलमपट्टीसाठी आणला तेव्हा त्याने मला पाहून मान फिरवली. आई म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही सांगितलं तसंच केलं हो मी." त्या वाक्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते अजून माझ्या कानात आहे.

निदान बरोबर होते, औषधही बरोबर होते. चुकले ते बाकीचे सगळे. त्याला त्याचा आजार कोणी समजावून सांगितला नव्हता. गोळी का नको, हे कोणी विचारले नव्हते. नंतर कळले की गोळीने त्याचे हात थरथरत, जबडा आखडत असे. पाना धरता येत नाही, हे फिटरचे काम शिकलेल्या मुलाला सहन होत नव्हते. एक प्रश्न विचारला असता, तर औषध बदलता आले असते.

घरच्यांना सोबत घेण्याची आपली परंपरा

या आजारात कुटुंबाला उपचारात ओढण्याचे काम आपल्या देशात फार आधी झाले आहे. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि रोग्याबरोबर नातेवाइकांनाही तिथे राहायला बोलावले. रोजच्या बोलण्यातून घरच्यांची भीती जाई, आजार कळे, आणि रोगी घरी परते तेव्हा त्याला सांभाळणारे हात तयार झालेले असत. त्याच दशकात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजानेही रोग्याबरोबर कुटुंबाला ठेवून घेण्याची पद्धत सुरू केली. पैसा आणि परिचारिका कमी होत्या हे त्यामागचे एक कारण होते. पण अडचणीतून निघालेली ती वाट योग्य दिशेची होती.

ती योग्य का, याचे उत्तर इंग्लंडमधील संशोधनातून मिळाले. जॉर्ज ब्राऊन या समाजशास्त्रज्ञाने लंडनमध्ये पाहिले की रुग्णालयातून बरे होऊन घरी गेलेले काही रोगी लवकर परत येतात. कोणत्या घरातले? ज्या घरात सतत टोमणे, चुका काढणे आणि चिडचिड असते, किंवा दुसऱ्या टोकाला, मोठ्या माणसाला तान्ह्या मुलासारखे जपले जाते, तिथले. १९८० च्या दशकात हाच अभ्यास चंडीगडला झाला. तेव्हा आपल्याकडच्या घरांत असे वातावरण लंडनपेक्षा कमी आढळले. ही आपली जमेची बाजू. पण 'कमी' म्हणजे 'नाही' असे नव्हे. दिवसभर "आयतं गिळतोस" ऐकणारे तरुण मला रोज भेटतात. याचा अर्थ आजार घरच्यांमुळे होतो असाही नाही. दम्याच्या रोग्याला धूर जसा बाधतो, तसे या रोग्याला टोमणे बाधतात, इतकेच.

चीनमध्ये चेंगडू शहराजवळच्या खेडेगावांत याची थेट परीक्षा झाली. २००३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीनशेहून अधिक रोग्यांचे तीन गट होते. पहिल्या गटाला औषध आणि त्यासोबत नऊ महिने घरच्यांना आजाराचे शिक्षण, दुसऱ्याला फक्त औषध, तिसऱ्याला यातले विशेष काहीच नाही. आजार उलटण्याचे प्रमाण तिसऱ्या गटात सुमारे ६१ टक्के, फक्त औषधाच्या गटात ३८ टक्के, आणि औषधासोबत कुटुंबाच्या शिक्षणाच्या गटात १६ टक्के होते. शिक्षण म्हणजे काय, तर आजार काय आहे, गोळी का घ्यायची, कसे बोलायचे, धोक्याची चिन्हे कोणती. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

सातारा, गोवा आणि तामिळनाडू

हे समजावायला माणसे कुठून आणायची, हा आपला खरा प्रश्न. भारतात एक लाख लोकांमागे एक मानसरोगतज्ज्ञही पूर्ण येत नाही. २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे दिसले की तीव्र मनोविकार असलेल्या चार जणांपैकी सुमारे तिघांना उपचारच मिळत नव्हते. जे जिल्ह्यापर्यंत पोहोचतात, त्यांना तज्ज्ञ पाच मिनिटे देऊ शकतात. तेवढ्यात गोळी लिहून होते, गप्पा होत नाहीत.

यावर एक प्रयोग आपल्या देशात झाला, आणि त्यातले एक ठिकाण आपल्या महाराष्ट्रातले सातारा होते. दुसरे गोवा आणि तिसरे तामिळनाडूतील कांचीपुरमकडचा ग्रामीण भाग. स्किझोफ्रेनियाच्या २८२ रोग्यांवरचा हा अभ्यास २०१४ साली 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ९५ जणांना डॉक्टरांकडचे नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्या १८७ जणांना तेच उपचार, आणि शिवाय त्यांच्या घरी एक कार्यकर्ता येत राहिला. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते, मानसशास्त्रज्ञही नव्हते. शाळेची दहा वर्षे शिकलेली, बोलायला चांगली असलेली स्थानिक माणसे निवडून त्यांना प्रशिक्षण दिले होते. त्यांच्यामागे देखरेखीला तज्ज्ञ होते.

हे कार्यकर्ते आजार समजावून देत. गोळ्या का सुटतात ते शोधत. अंघोळ, कपडे, बाजारहाट अशा रोजच्या गोष्टींचा सराव करून घेत. शरीराच्या दुखण्यांकडे लक्ष देत. लोकांच्या टोचणाऱ्या प्रश्नांना कसे तोंड द्यायचे ते सांगत. कामाची आणि सरकारी योजनांची वाट दाखवत.

वर्षानंतर घरी भेटी मिळालेल्या रोग्यांची लक्षणे आणि दैनंदिन जीवनातली असमर्थता, दोन्ही दुसऱ्या गटापेक्षा कमी झाली होती. फरक माफक होता, आणि तो तामिळनाडूच्या ग्रामीण भागात सर्वांत ठळक होता. संशोधकांनी हे प्रांजळपणे लिहिले आहे, मीही ते लपवत नाही. जादू कोणी केली नाही. पण ज्या आजाराला आपण 'आता हे असेच चालायचे' म्हणून सोडून देतो, त्यात दहावी शिकलेला माणूस घरी येऊन बसल्याने फरक पडतो, ही बातमी लहान नाही.

आपल्याहून गरीब असलेल्या इथिओपियात असाच प्रयोग झाला. तिथे तर पुष्कळ रोगी वर्षानुवर्षे घरी साखळीने बांधलेले असत. साध्या शिक्षणाच्या स्थानिक कार्यकर्त्यांनी वर्षभर घरोघरी जाऊन, गावातल्या प्रमुख माणसांशी बोलून काम केले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातही रोग्यांची कामे करण्याची क्षमता वाढलेली दिसली.

आवाजाशी कसे बोलायचे?

दुसरा उपचार थेट रोग्याशी बोलण्याचा. भ्रम झालेल्या माणसाशी बोलून उपयोग नाही, असे आम्हाला कॉलेजात शिकवले होते. पण १९५२ सालीच ॲरन बेक या अमेरिकन मानसरोगतज्ज्ञाने भ्रम असलेल्या एका रोग्यावर बोलण्यातून केलेल्या यशस्वी उपचाराची हकिकत प्रसिद्ध केली होती. पुढे ब्रिटनमध्ये ही पद्धत विकसित झाली. तिथल्या सरकारी मार्गदर्शनात आज औषधासोबत अशा किमान १६ बैठका सुचवलेल्या आहेत.

आपल्या शेजारच्या कराचीत ही पद्धत तिथल्या भाषेला, चालीरीतीला आणि खिशाला साजेशी करून ६ बैठकांत बसवली. सातवी बैठक कुटुंबासोबत. कराचीच्या रुग्णालयांतील ११६ रोग्यांवरच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ साली आले. नेहमीच्या उपचारासोबत या बैठका मिळालेल्यांची लक्षणे अधिक कमी झाली आणि आपल्या आजाराची जाणही वाढली.

या बैठकांत करतात काय? रोग्याला 'तुझे खोटे आहे' असे म्हणत नाहीत आणि 'हो, खरे आहे' असेही म्हणत नाहीत. आवाज कधी येतो, कुठे येतो, तेव्हा तू काय करत असतोस, हे त्याच्यासोबत शोधतात. भीती कशाने वाढते, कशाने कमी होते, याची नोंद ठेवतात. एखाद्या समजुतीला दुसरा काही अर्थ असू शकेल का, हे हळूहळू त्यालाच तपासायला लावतात.

आमच्या त्या मुलाकडे पंढरपूरहून परतल्यानंतर जिल्हा रुग्णालयातील एक समाजसेविका येऊ लागल्या. पहिल्या दिवशी त्यांनी काही उपदेश केला नाही. पडवीत बसल्या आणि सगळ्यांनी एकाच किटलीतला चहा घेतला. दुसऱ्या भेटीला मीही गेलो आणि त्याला म्हटले, "चहात गोळी घालायला मीच सांगितलं होतं. चुकलं माझं. पुन्हा असं होणार नाही." तो काही बोलला नाही, पण उठूनही गेला नाही. तिसऱ्या भेटीत कळले की आवाज संध्याकाळी, तो एकटा घरात असताना जास्त येतात. मग डेअरीत दूध घालायचे काम संध्याकाळी त्याच्याकडे दिले. रांगेत चार माणसे भेटत. आवाज गेला नाही, पण त्याचा जोर कमी झाला. औषध बदलल्यावर हातांची थरथरही गेली. गोळी आई उघड्या तळहातावर ठेवून म्हणे, "ही तुझी गोळी. तूच घे." तो घेई.

देवऋषी, दर्गा आणि आपण

बहुतेक घरे डॉक्टरांच्या आधी देवऋषाकडे जातात. मी पूर्वी यावर रागावत असे. रागावल्याने लोक जायचे थांबले नाहीत, फक्त मला सांगायचे थांबले. नायजेरिया आणि घानामध्ये ३०७ रोग्यांवर झालेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. तिथे प्राथमिक आरोग्य केंद्राचे कर्मचारीच उपचार करणाऱ्या भगतांच्या ठिकाणी जाऊन रोग्यांना औषध देऊ लागले. भगतांनी प्रार्थना करावी, पण मारहाण आणि उपास घडवणे सोडावे, असे ठरले. सहा महिन्यांनी हे रोगी इतरांपेक्षा अधिक सुधारलेले होते. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यावर २००८ पासून 'दवा आणि दुआ' असा उपक्रम झाला, तोही याच विचाराचा.

मात्र एक रेघ स्पष्ट हवी. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण पळता न आल्याने मेले. बांधणे हा उपचार नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. अंगारा लावायचा तर लावा. पण गोळी थांबवू नका आणि हात उगारू देऊ नका.

घरच्यांनी काय करावे?

१. आजार समजून घ्या आणि रोग्यालाही समजावून द्या. 'तू वेडा नाहीस, तुला आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत' हे वाक्य त्याने घरच्यांच्या तोंडून ऐकले पाहिजे.

२. भ्रमावर वाद घालू नका, होकारही देऊ नका. "मला तो आवाज ऐकू येत नाही. पण तुला ऐकू येतोय आणि तुला भीती वाटतेय, हे मला कळतंय," एवढे म्हणा आणि जवळ बसा.

३. गोळी लपवून देऊ नका. तो घेत नसेल तर का, हे विचारा. थरथर, आखडणे, अति झोप, वजन वाढणे यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना सांगा. बऱ्याच वेळा मात्रा किंवा औषध बदलता येते.

४. बरे वाटले म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. किती काळ घ्यायची, हे तज्ज्ञ ठरवतील.

५. पडून राहणे हा आळस नाही, आजाराचा भाग आहे. 'काम कर' म्हणण्याऐवजी एक लहान, ठरावीक वेळेचे काम द्या. तुळशीला पाणी, दळण आणणे, जनावराला वैरण. जमले तर दोन चांगले शब्द बोला. नाही जमले तर उद्या पुन्हा.

६. टोमणे बंद. एकाच वेळी चार जणांनी सूचना देऊ नयेत. एकाने, हळू, एकावेळी एकच गोष्ट सांगावी.

७. आजार उलटण्याची चिन्हे लिहून ठेवा. बहुधा प्रत्येकाची ठरलेली असतात : दोन-तीन रात्री झोप न येणे, जेवण कमी होणे, पुन्हा संशय, खोलीचे दार लावून बसणे. ती दिसताच डॉक्टरांकडे जा, आठवड्याच्या बाजाराची वाट पाहू नका.

८. जीव नकोसा झाल्याचे तो बोलत असेल, आवाज त्याला स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असतील, तर त्याला एकटा सोडू नका. कीटकनाशके कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

९. सांभाळणाऱ्या माणसालाही विसावा हवा. बहुतेक घरांत हे ओझे एकट्या आईवर किंवा पत्नीवर असते. आठवड्यातला एक दिवस दुसऱ्या कोणीतरी घ्यावा.

मदत कुठे मिळेल?

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ साली सुरू झाला. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात औषधे मिळतात. तिथे मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक आहेत का, हे आवर्जून विचारा आणि घरच्यांसाठी वेळ मागा. मागितल्याशिवाय हा उपचार कोणी देत नाही, कारण बहुतेकांना तो असतो हेच ठाऊक नसते. 'टेली मानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही, विनामूल्य, मराठीत बोलता येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. दीर्घकाळ आजारी असलेल्यांना त्याचे प्रमाणपत्र मिळू शकते. गावातील आशाताईंना विश्वासात घ्या, त्यांना घरोघरी जायची सवय आहे.

आता त्या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर. ताई, डॉक्टर बदलण्याची घाई करू नका. बडबड थांबली म्हणजे औषध आपले काम करीत आहे. पुढच्या खेपेला दिरासोबत सासऱ्यांना घेऊन जा आणि डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा : हे पडून राहणे आजाराचे, गोळीच्या गुंगीचे की मनाच्या उदासीचे? आणि घरच्यांशी बोलायला तुमच्याकडे कोणी आहे का? तोवर घरी वरच्या नऊ गोष्टी सुरू करा. सासऱ्यांना हा लेख वाचून दाखवा. माझ्यावर रागावले तर चालेल.

आमचा तो मुलगा आता पस्तिशीचा आहे. नात्यातल्या एकाच्या पाइपच्या दुकानात तो सकाळी चार तास काम करतो. आवाज अधूनमधून येतात, तो म्हणतो, "येतात आणि जातात." मध्ये एकदा तीन रात्री झोप नव्हती, तेव्हा आईने लगेच फोन केला आणि आजार दारातूनच परत गेला. त्याचे लग्न झालेले नाही, आईला त्याचे दुःख आहे. पूर्ण बरा झाला असे मी म्हणणार नाही. पण मागच्या महिन्यात माझ्या दवाखान्याचा नळ गळत होता, तेव्हा तोच पाना घेऊन आला. काम झाल्यावर मी चहा मागवला. त्याने कप हातात घेतला, सवयीने तळाशी पाहिले, आणि माझ्याकडे बघून हसला. मग चहा प्यायला.